साठ पाहुण्यांची पोपटी

चौघांनी ओलं गोणपाट हातात धरून रांजण उलटा केला, तेव्हा अंगणात टाळ्या पडल्या होत्या. पन्नासेक पाहुणे यायचे होते. त्यातले निम्मे मुंबईहून, मांडव्याच्या लाँचने. एवढ्या माणसांना मडकी किती लावायची, त्यापेक्षा एकदाच मोठं काम उरकू म्हणून मी आत्याच्या पडवीतला पाण्याचा जुना रांजण दोन दिवस उन्हात वाळवून घेतला होता. आत्या तेव्हा एवढंच म्हणाली होती, "रांजण पाण्याचा रे. पोपटी मडक्यात लावतात."

तासाभराने जाळ ओसरला. रांजणावर पाण्याचा हबका मारला, चर्र झालं, म्हणजे पोपटी झाली. उघडून पाहिलं तर कडेच्या शेंगांचा कोळसा, त्यांच्या आतल्या शेंगा उत्तम आणि मधोमध ठेवलेल्या कोंबडीच्या पुड्या जेमतेम कोमट. हाडाजवळचं मांस लाल होतं, बटाटे करकरीत होते. रात्री साडेनऊला चुलीवर दोन पातेली चढवून ती कोंबडी पुन्हा शिजवली. तोवर लहान मुलं नुसत्या शेंगा खाऊन झोपी गेली होती. भुकेल्या पाहुण्यांनी समजून घेतलं, पण मला ते फार लागलं. तेव्हापासून दर वर्षी मी पोपटी लावतो आणि ती नेमकी शिजते कशी, याच्या मागे लागलो आहे. अंगणात, गच्चीत किंवा शेतावर मोठ्या जमावाला विस्तवावरचं खाऊ घालायचं असेल, मग ती पोपटी असो की परदेशातलं बार्बेक्यू, सगळ्यांची अडचण शेवटी एकच निघते.

ज्यांनी पोपटी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. रायगड जिल्ह्यात अलिबाग, पेण, रोहा, मुरूडच्या पट्ट्यात भात कापून झालं की त्याच खाचरात वाल पेरतात. त्याला वेगळं पाणी द्यावं लागत नाही. जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर तो वाढतो आणि जानेवारीच्या सुमारास शेंगा टपोऱ्या भरतात. मार्गशीर्ष पाळणाऱ्या घरांतलं गुरुवारचं व्रत तोवर संपलेलं असतं, रात्री गार असतात, कापणी-झोडणी उरकून शेत मोकळं झालेलं असतं. शेंगा कोवळ्याही नाहीत आणि निबरही नाहीत असे हे महिना-दीड महिन्याचे दिवस. पोपटी त्यातच लावायची. एकदा साल चामट झाली की वाल खळ्यात जातो आणि पोपटीचा हंगाम संपतो.

याच दिवसांत शेताच्या बांधावर भांबुर्डा माजलेला असतो. शेवंतीच्या कुळातलं हे रानटी झुडूप. कोणी लावत नाही, कोणी राखत नाही, गुरंही फारशी तोंड लावत नाहीत. पण पान चुरडून नाकाशी धरलं तर कापूर, ओवा आणि ओल्या गवताचा मिळून येतो तसा उग्र दरवळ येतो. शास्त्रीय भाषेत हा ब्लुमिया. याच प्रजातीतल्या एका भावंडापासून चीनमध्ये आणि आग्नेय आशियात खरोखरच एक प्रकारचा कापूर काढत आले आहेत. पोपटीला जो वास असतो, ज्याच्यासाठी माणसं लाँच पकडून येतात, तो मसाल्याचा कमी आणि या पाल्याचा जास्त. कोबीची पानं, केळीची पानं घालून केलेली पोपटी मी खाल्ली आहे. पोट भरतं, पण ती पोपटी होत नाही.

मडक्याच्या तळाशी भांबुर्डा दाबून बसवायचा. त्यावर शेंगांचा थर, जाडं मीठ, ओवा. मग अंडी, बटाटे, रताळी, कोनफळाच्या फोडी, केळीच्या पानात बांधलेल्या कोंबडीच्या पुड्या. पुन्हा शेंगा, पुन्हा मीठ-ओवा. शेवटी मडक्याचं तोंड भांबुर्ड्याने इतकं घट्ट ठासायचं की उलटं केल्यावर एक शेंग गळता कामा नये. मग मडकं जमिनीवर पालथं घालायचं, भोवती शेणी आणि लाकडं रचायची, वरून पेंढा आणि सुक्या झावळ्या टाकायच्या आणि पेटवायचं. आत पाण्याचा एक थेंबही घालायचा नाही.

पाणी नाही, तेल नाही, तरी शेंगा करपत नाहीत, मऊ शिजतात. याचं कारण शेंगांतच असतं. ताज्या शेंगेच्या वजनात निम्म्याहून बराच जास्त वाटा पाण्याचा असतो. मडकं तापलं की कडेच्या शेंगांमधल्या पाण्याची वाफ व्हायला लागते. वाफ हवेपेक्षा हलकी, ती वर जाते. मडकं सरळ असतं तर ती तोंडावाटे निघून गेली असती आणि आतलं सगळं वाळून भाजलं गेलं असतं. पण इथे मडक्याचं बूड वर आहे. तिथे वाफ कोंडते, वरून खाली साठत येते आणि आतली हवा पाल्यातून खाली जमिनीकडे ढकलून देते. थोड्या वेळाने मडक्यात हवा जवळजवळ उरत नाही, नुसती वाफ. मडकं पालथं घालण्यात केवढी समज आहे, हे लक्षात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या जाळाकडे बघत बसलो होतो. ज्यांनी हे पहिल्यांदा केलं त्यांनी वाफेची घनता मोजली नव्हती, पण वाफ कुठे जाते ते त्यांनी नीट पाहिलं होतं.

शाळेत शिकलेला 540 चा आकडा इथे कामाला येतो. एक ग्रॅम पाणी 0 अंशापासून 100 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला 100 कॅलरी लागतात. पण त्याच एका ग्रॅम वाफेचं गार वस्तूवर पाणी झालं तर ती एकदम 540 कॅलरी उष्णता देऊन जाते. मडक्यातली वाफ आतल्या गार शेंगेवर, अंड्यावर, पानाच्या पुडीवर जाऊन विरते आणि ही सगळी उष्णता तिथे टाकते. कडेपासून आतपर्यंत उष्णता पोचवण्याचं काम ती शेंगांच्या फटीफटीतून करत असते. मडक्याला चिकटलेल्या शेंगांमधलं पाणी मात्र लवकर संपतं. त्यांचं तापमान 100 च्या बरंच वर जातं आणि त्यांच्यावर ते तपकिरी-काळे डाग पडतात. साधारण 140 अंशांच्या पुढे प्रथिनं आणि साखर यांच्यात जी प्रक्रिया वेगाने होते तिचं वर्णन लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने 1912 साली केलं. पावाची साल, भाजलेले शेंगदाणे, तव्यावरची भाकरी, सगळ्यांचा खमंगपणा त्याच प्रक्रियेचा. म्हणजे एकाच मडक्यात कडेला भाजणं आणि मध्ये वाफवणं अशी दोन कामं चाललेली असतात. चांगल्या पोपटीत दोन्हींचा मेळ असतो.

रांजणात माझं चुकलं ते नेमकं इथेच. भांडं मोठं केलं की त्याचं आतलं माप आणि बाहेरचं अंग सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. मडक्याची रुंदी आणि उंची दुप्पट केली तर त्यात जिन्नस आठपट मावतात, पण जाळ ज्याला लागतो ते अंग चौपटच होतं. शिवाय कडेपासून मध्यापर्यंतचं अंतर दुप्पट झालं की तिथवर उष्णता झिरपायला सुमारे चौपट वेळ लागतो. माझ्या रांजणात नेहमीच्या मडक्याच्या पाचपट ऐवज असेल. म्हणजे रुंदी जवळपास पावणेदोन पट आणि वेळ ढोबळमानाने तिप्पट. चाळीस मिनिटांच्या जागी दोन तास. वाफ आतपर्यंत शिरते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी लागेल, पण तेवढा वेळ जाळ ठेवला तर कडेच्या शेंगांचं काय होणार ते उघड आहे.

आणि तो पाण्याचा हबका? मडक्यावर पाणी उडवलं आणि ते चर्र करून उडून गेलं की पोपटी झाली, ही खूण पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे आणि ती खरी आहे. पण पाणी चर्र करतं ते मडक्याची बाहेरची भिंत तापली म्हणून. नेहमीच्या मापाच्या मडक्यात भिंत इतकी तापेपर्यंत मधलंही शिजलेलं असतं. म्हणून खूण जमते. रांजणाची भिंतही तशीच तापली होती, तिनेही चर्र केलं, पण आतली गोष्ट तिला सांगता येणार नव्हती. ही खूण ठरावीक मापाच्या मडक्यासाठी घडलेली आहे. माप बदललं की ती उपयोगाची राहत नाही.

जगात इतरांनीही मोठ्या जमावासाठी मोठं शिजवलंय, पण त्यांनी आत उष्णता पोचवण्याची वेगळी सोय केली. हवाई बेटांवर जमिनीत खड्डा करून इमू लावतात, त्यात अख्खं डुक्कर शिजतं. एवढ्या जाड जनावराच्या मध्यापर्यंत बाहेरून उष्णता पोचायला किती वेळ लागेल! म्हणून तापून लाल झालेले दगड त्याच्या पोटातच भरतात आणि केळीच्या पानांनी, मातीने झाकून कित्येक तास तसंच ठेवतात. न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा हांगीही तापलेल्या दगडांवरच चालतो. बार्बेक्यू हा शब्द ज्या बार्बाकोआवरून आला तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, लाकडी खांबांवर उभारलेल्या मांडवासारख्या चौकटीसाठीचा. अमेरिकेत टेक्सासमध्ये गाईच्या छातीचा चार-पाच किलोंचा तुकडा मंद धुरावर दहा-बारा तास ठेवतात. तेवढ्या वेळात मांसातला चिवट भाग विरघळून मऊ होतो. तिथे मोठा तुकडा आणि मंद आच, आपल्याकडे छोटा तुकडा आणि मोठा जाळ. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत. मी रांजण लावला तेव्हा मात्र तुकडा मोठा आणि आचही मोठी असं करून बसलो होतो.

त्यामुळे माणसं वाढली की मडकी वाढवायची, मडक्याचं माप तेच ठेवायचं. आमचं माप बारा ते पंधरा लिटर पाणी मावेल एवढ्या मडक्याचं आहे. एकात साधारण दोन किलो शेंगा, दीड ते दोन किलो कोंबडी, डझनभर अंडी आणि किलोभर बटाटे-रताळी बसतात आणि दहा माणसं पोटभर जेवतात. साठ पाहुण्यांना सहा मडकी आणि वर एक राखीव, कारण एखादं तडकतंच. मडकं घेताना बोटाने वाजवून बघायचं. खणखणीत आवाज आला तर घ्यायचं, भद्द आला तर कुठेतरी चीर आहे. जुनं पाण्याचं मडकं वापरायचं तर आधी कडक उन्हात वाळवून घ्यायचं. मातीच्या छिद्रांत पाणी राहिलं आणि त्याची एकदम वाफ झाली तर टवके उडतात.

शाकाहारी पाहुण्यांची मडकी वेगळी लावायची आणि त्यांना खडूने नाही, तार बांधून ओळख ठेवायची. जाळात खडू दिसत नाही. ती रचणाराही वेगळा असावा, कोंबडीचा हात तिकडे लागू नये. यात कमीपणा काहीच नाही. वलसाड-नवसारीकडे उंबाडियुं करतात ते याच कुळातलं आणि संपूर्ण शाकाहारी. तिथेही पापडी, कंद, रताळी, तिथेही रानातला पाला आणि पालथं मडकं. हिवाळ्यात अहमदाबादच्या महामार्गावर त्या मडक्यांच्या रांगा लागलेल्या असतात. त्यांच्याकडून मी एक गोष्ट उचलली. रताळ्याला आणि कोनफळाला चीर देऊन त्यात हिरवी मिरची, आलं, लसूण, कोथिंबिरीचं वाटण भरायचं. आमच्याकडचे मांसाहारीसुद्धा आता आधी त्या मडक्याकडे वळतात. वाल मात्र नीट शिजूनच खायचा, कच्चा दाणा तोंडात टाकायचा मोह मुलांनाही होऊ द्यायचा नाही. तो बाधतो.

कोंबडीच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे आणि तसंच असायला हवं, कारण साठ माणसांच्या पोटाचा प्रश्न असतो. तुकडे छोटे, अंड्याएवढेच. आलं-लसूण, हळद, आगरी मसाला, मीठ आणि लिंबू लावून ठेवलेलं मांस फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या पेटीतच राहिलं पाहिजे. साधारण 5 ते 60 अंश या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात आणि जानेवारीतली कोकणातली दुपार या पट्ट्याच्या अगदी मध्यावर असते. पाहुणे उशिरा येणार, मडकी रचून ठेवू, आले की पेटवू, असा विचार मनात येतो. तो करू नये. शेंगा, बटाटे, पाला सगळं मांडून ठेवावं, पुड्या मात्र पेटवायच्या वेळीच आत जाव्यात. आणि उघडल्यावर सर्वांत मधल्या पुडीतला तुकडा हाडाशी मोडून बघावा. मी आता मांसाचा थर्मामीटर ठेवतो. हाडाजवळ 74 अंश दिसले की मग वाढतो. किरकोळ किमतीची वस्तू आहे, पण त्या रात्रीसारखं पुन्हा होऊ द्यायचं नाही.

पुडी बांधताना एक छोटी गोष्ट. केळीचं पान आधी जाळावर फिरवून मऊ करायचं, नाहीतर घडीवर फाटतं. मडक्यात ठेवताना पुडीची घडी खाली, तळाच्या बाजूला यायला हवी. उलटं वाटतं, पण मडकं पालथं झालं की तीच घडी वर येते आणि रस पुडीतच राहतो. घडी वर ठेवून रचलं तर पालथं घातल्यावर सगळा रस पाल्यात आणि पाल्यातून मातीत. माझी चुलतवहिनी हे डोळे मिटून करते. तिच्या पुडीतून एक थेंब सांडलेला मी पाहिलेला नाही.

जागा निवडताना वारा कुठून वाहतो ते बघावं. किनाऱ्याजवळ संध्याकाळ उलटली की वारा बहुधा जमिनीवरून समुद्राकडे फिरतो. पाच वाजता पाहुण्यांना ज्या बाजूला बसवलं तिकडेच आठ वाजता धूर येतो. भोवतालचं सुकं गवत दोन-तीन मीटर खरवडून काढायचं, पाण्याच्या दोन बादल्या आणि वाळू हाताशी, पेंढ्याची गंज लांब. जाळायला रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, टायर यातलं काहीही नको. त्या धुराचं विष पाल्यातून आत शिरतं. पेंढा भडकतो आणि विझतो, तो पेटवण्यापुरता. खरी सलग आच शेणी आणि लाकडं देतात.

साठ माणसांची खरी युक्ती मात्र वेळात आहे. सहाही मडकी एकदम लावली तर एकदम उघडावी लागतात. मग एकाच वेळी सगळे तुटून पडतात, अर्ध्या शेंगा गार होतात, आणि गार झालेली पोपटी म्हणजे नुसते उकडलेले वाल. आम्ही दोन-दोन मडक्यांच्या तीन आळ्या करतो. पहिली साडेसहाला पेटते, दुसरी सातला, तिसरी साडेसातला. प्रत्येकीला चाळीस मिनिटं जाळ आणि विझल्यावर पाच-दहा मिनिटं न हलवता मुरायला. पहिली उघडते तेव्हा मांडव्याहून आलेले पाहुणे हात धुऊन बसलेले असतात. ती संपत येते तोवर दुसरी तयार. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना पहिल्या आळीत वाढायचं हा आमचा नियम आहे, कारण तेच लवकर झोपतात. उशिरा येणारा पाहुणा तिसऱ्या आळीला बसतो आणि त्यालाही तेवढंच गरम मिळतं. सगळ्यांनी एकाच वेळी एकाच पंगतीत बसायला हवं हा हट्ट सोडल्यापासून माणसं जास्त गप्पा मारतात. मधला अर्धा वेळ ती जाळाभोवती उभी असतात, कोणी झावळी सरकवतं, कोणी शेणी लावतं.

मडकं उघडण्याचं काम दोघांचंच. जाड कोरडं गोणपाट हातात. ओलं कधीच नाही, कारण ओल्या कापडातून उष्णता पटकन हाताला पोचते. ओलं गोणपाट हीही त्या रात्री आमची चूकच होती. मडकं आडवं करून तोंड माणसांपासून लांब, वाऱ्याच्या दिशेला फिरवायचं आणि काठीने पाला उपसायचा. आतली वाफ उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजते, त्याच 540 कॅलरींमुळे. पाला निघाला की पहिल्यांदा वास येतो आणि क्षणभर सगळे गप्प होतात. मग केळीच्या पानांवर ढीग पडतो. हिरव्याच्या तपकिरी झालेल्या, मिठाचे कण चिकटलेल्या शेंगा, धुराने पिवळट झालेली अंडी, पुड्यांतून डोकावणारा लाल रस. शेंग दाताखाली धरून ओढली की दाणे तोंडात आणि साल हातात राहते. वर्तमानपत्रावर मात्र वाढायचं नाही. छपाईची शाई गरम अन्नात उतरते.

यजमानाने दुसऱ्या आळीत जेवून घ्यावं. मी पूर्वी शेवटी जेवायचो आणि तिसऱ्या आळीपाशी माझा हात थरथरायचा.

पाहुणे गेल्यावर आगीचं काम राहतंच. राख वरून पांढरी, गार दिसते, पण शेणीचा निखारा आत रात्रभर जागा राहतो आणि पहाटेच्या वाऱ्याला पुन्हा फुलतो. झोपण्याआधी राख फावड्याने पसरून तीवर पाणी मारायचं, पुन्हा ढवळायचं, पुन्हा मारायचं, फुसफुस थांबेपर्यंत. सकाळी हात वर धरून ऊब लागते का बघायची. आत्या तेव्हा टोपली घेऊन येते, गार राख भरते आणि परसातल्या दुधीच्या आळ्यात नेऊन टाकते. शेंगांची सालं त्याआधीच गोठ्यात गेलेली असतात.